मे महिन्यात आफ्रिका: आधी सिंह, मग समुद्र. जमेल का?

टेकडीवाली | ९ जानेवारी
नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.
आम्ही पाच जण: मी, नवरा, लेक (१२), चिरंजीव (७) आणि सासरे (६८). सासऱ्यांचे गुडघे कुरकुरतात, पण ताडोब्याला पहाटे साडेचारला सगळ्यांच्या आधी कानटोपी घालून तेच जिप्सीत बसले होते. नवऱ्याला सलग बारा दिवसांची रजा मंजूर झाली आहे. आमच्या लग्नाच्या इतिहासातली ही दुसरी वेळ. मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच.
मनात असं आहे की चार-पाच दिवस आफ्रिकेत प्राणी बघायचे आणि मग समुद्रकिनारी पाय पसरून काही म्हणजे काही करायचं नाही. कोथरूडच्या एका टूरवाल्याने पत्रक दिलंय. केनियातलं मसाई मारा, टांझानियातलं सेरेंगेटी आणि गोरोंगोरो, मग झांझिबार बेट, सगळं नऊ रात्रींत. ऐकायला झकास वाटतं. कोणी जाऊन आलंय का? सफारी आधी की समुद्र आधी? मुलं आणि म्हातारं माणूस यांना झेपेल का?

निवृत्त_नाना | ९ जानेवारी
प्राणी ताडोब्यात आहेत, समुद्र गुहागरला आहे. मधे घरी येऊन कपडे धुता येतात. पासपोर्ट लागत नाही.

टेकडीवाली | ९ जानेवारी
नाना, दोन्ही करून झालंय हो. आणि मे महिन्यातल्या ताडोब्याच्या उन्हात सासऱ्यांना पुन्हा नेणार नाही.

कॅमेरा_किडा | ९ जानेवारी
पत्रकाच्या पहिल्या पानावर नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टांचा (गायीसारखी दिसणारी मोठी हरणं) फोटो आहे का?

टेकडीवाली | ९ जानेवारी
आहे! मगरीसकट.

कॅमेरा_किडा | १० जानेवारी
वाटलंच. तो मारा नदीचा फोटो, आणि ते दृश्य साधारण जुलै ते ऑक्टोबरमधलं. मे महिन्यात ते कळप खाली सेरेंगेटीत असतात, उत्तरेकडे चालायला लागलेले. माऱ्यात तुम्हाला सिंह, हत्ती, जिराफ दिसतीलच, ते कुठे जात नाहीत. पण ज्या फोटोवर भुलून पैसे भरताय तो सोहळा तेव्हा नसतो.
दुसरं त्याहून महत्त्वाचं. केनिया-टांझानियात मार्च ते मे हा मोठा पाऊस. स्वाहिलीत त्याला मासिका म्हणतात. माऱ्याची माती आपल्या सोलापूरकडच्या रानासारखी काळी आणि चिकट, फोर व्हील ड्राइव्हसुद्धा रुतते. मी एकदा एप्रिलअखेर गेलो होतो. रोज दुपारी आभाळ भरून यायचं आणि एका ओढ्याकाठी आम्ही अडीच तास गाडी ढकलत होतो. बरेच तंबूवाले कॅम्प तेव्हा सरळ बंद ठेवतात. त्यामुळे दर कमी असतात आणि म्हणूनच टूरवाला मे महिना आनंदाने विकतो. झांझिबारलाही एप्रिल-मे सगळ्यात ओला काळ. तुम्हाला किनाऱ्यावर पाय पसरायचेत ना? मग छत्रीखाली पसरा.
सारांश, तुम्ही देश आधी ठरवलात आणि महिना तर शाळेने ठरवलेला. हे उलटं करायला हवं. महिना पक्का आहे, तर त्या महिन्यात कुठला देश चांगला ते बघा.

जाई_जुई | १० जानेवारी
किडा यांच्याशी सहमत. आम्ही दोघंच गेलो होतो फेब्रुवारीत, टांझानिया आणि मग झांझिबार. तो महिना सोन्यासारखा. जानेवारीअखेर ते मार्च या काळात विल्डबीस्ट दक्षिण सेरेंगेटीत एन्दुतूच्या आसपास असतात आणि तिथेच विणीचा हंगाम असतो. एक पिल्लू आमच्या गाडीपासून वीसेक पावलांवर जन्मलं. ओलं, लटपटणारं. दोनदा तोंडावर आपटलं, तिसऱ्यांदा उभं राहिलं आणि चक्क आमच्या गाडीमागे यायला लागलं. त्याला गाडीच आई वाटली! ड्रायव्हरदादाने इंजिन बंद केलं आणि आम्ही सगळे श्वास रोखून बसलो, तोवर खरी आई हंबरत आली.
थोडं व्यवहाराचं. सेरेंगेटीतून झांझिबारला आम्ही छोट्या विमानाने गेलो. माणशी १५ किलो, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक बॅग चालत नाही. माझी बॅग उघडून साडी आणि दोन जोडी चपला नवऱ्याच्या बॅगेत कोंबल्या. साडी का नेली होती ते विचारू नका.
गोरोंगोरोच्या कड्यावर थंडी वाजते. विवराचा काठ समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर आहे आणि तळ त्याच्याखाली सहाशे मीटर. आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून आम्ही एकेक पातळ जाकीट नेलं होतं. पहाटे महाबळेश्वरची आठवण आली.
आणि निळे-काळे कपडे नकोत, त्सेत्से नावाच्या चावऱ्या माश्या त्या रंगांवर येतात. माझी आवडती निळी जीन्स हॉटेलात पडून राहिली.

पेठेतला_पांथस्थ | १० जानेवारी
झांझिबारबद्दल लिहा की. सगळे सिंहांवरच लिहितात.

जाई_जुई | ११ जानेवारी
लिहिते. आम्ही पूर्व किनाऱ्यावर जांबियानीला राहिलो. पहिल्या संध्याकाळी खोलीपुढे निळं पाणी, चित्रातल्यासारखं. सकाळी चहा घेऊन बाहेर आले तर समुद्र गायब! जवळजवळ किलोमीटरभर ओली वाळू, तीत रोवलेल्या काठ्यांच्या रांगा, आणि लाल-पिवळी कापडं गुंडाळलेल्या बायका वाकून समुद्री शेवाळाची शेती करताहेत. बघायला सुंदर, पण पोहायचं म्हणून आलेला माणूस वैतागतो. चालत पाण्यापर्यंत जायचं तर काळे काटेरी सी-अर्चिन, पायात रबरी बूट हवेतच. उत्तरेला नुंगवी आणि केंड्वा इथे ओहोटी इतकी छळत नाही, तिथे दिवसभर डुंबता येतं. मुलं असतील तर उत्तरेलाच राहा. गर्दी जास्त, पण समुद्र जागेवर सापडतो.
स्टोन टाउन मात्र चुकवू नका. कोरीव दारं, अरुंद बोळ, आणि क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं जन्मगाव. हा पारशी पोरगा शाळेला आपल्या पाचगणीत होता, हे तिथल्या गाइडला मी सांगितलं तर त्याला पाचगणी कुठे ते माहीत हवं होतं. पुढची पंधरा मिनिटं मीच गाइड झाले.
भाषेची गंमत: दुकानाला दुका, गाडीला गारी, बर्फाला बराफू, रंगाला रंगी, आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुंबारी. विम्याला बिमा! तो शब्द तर लक्षात ठेवाच, कारण ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारमध्ये शिरताना तिथल्या सरकारी कंपनीचा प्रवासी विमा सक्तीचा आहे, मोठ्या माणसाला ४४ डॉलर. तुमचा इथून काढलेला विमा असला तरी.

आंजर्लेकर | ११ जानेवारी
जाईताई, तुम्ही अमावस्येला नाहीतर पौर्णिमेला गेला असणार. उधाणाला भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी लांब जाते. तिकडे पाण्याची चढउतार चार मीटरपर्यंत होते. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, तेव्हा एवढं मागे हटत नाही. समुद्र सगळीकडे चंद्राचंच ऐकतो. हॉटेल ठरवताना भिंतीवरचं कालनिर्णय बघायचं, एवढं सोपं आहे.

जाई_जुई | ११ जानेवारी
आत्ता बघितलं. पौर्णिमाच होती. _/\_

पेठेतला_पांथस्थ | ११ जानेवारी
हसून हसून पुरेवाट. पंचांग बघून बीच हॉलिडे फक्त आपणच करू शकतो.

सुईदोरा | १२ जानेवारी
सगळ्यांनी एक मुद्दा सोडलाय, तो सासऱ्यांचा. केनियाला जाऊन परत येताना भारतात पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. पिवळं कार्ड म्हणतात ते हेच. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पुण्यात मान्यताप्राप्त केंद्र आहे, पण एका कुपीत बरेच डोस असल्याने ठरावीक वारीच देतात आणि आधी नाव नोंदवावं लागतं. आदल्या आठवड्यात धावू नका.
आता खरी गोष्ट. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठी ओलांडलेल्या माणसाला ती पहिल्यांदाच द्यायची तर गंभीर दुष्परिणामांची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. द्यायचीच नाही असं नाही, पण डॉक्टरांनी त्यांची औषधं आणि आजार बघून ठरवायला हवं. टूरवाला तुम्हाला हे सांगणार नाही. अंड्याची ॲलर्जी कोणाला असेल तर तेही सांगा.
शिवाय मलेरियाच्या गोळ्या. सात वर्षांच्या मुलाला कुठली चालते, कुठली नाही, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा. मी इथे नावं लिहीत नाही, लोक परस्पर दुकानातून आणतात.

टेकडीवाली | १२ जानेवारी
सुईदोरा, खूप आभार. सासरे रक्तदाबाच्या आणि संधिवाताच्या गोळ्या घेतात. टूरवाल्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, लशीचं आपण ॲडजस्ट करू." कसं, ते मी विचारलं नाही.
म्हणजे पूर्व आफ्रिका बाद? आता मूडच गेला.

सुईदोरा | १२ जानेवारी
संधिवाताची नेमकी कुठली गोळी ते बघा. काही गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात आणि त्यावर ही लस देत नाहीत. आणि "ॲडजस्ट" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

नगररोड | १३ जानेवारी
मूड कशाला घालवता? दक्षिणेला जा. आम्ही मे महिन्यातच केलंय, दक्षिण आफ्रिका आणि मॉरिशस.
मे म्हणजे तिकडे हिवाळ्याचं तोंड. पाऊस संपलेला, गवत वाळून विरळ होत जातं, प्राणी पाणवठ्यांवर येतात. क्रुगर नॅशनल पार्कसाठी मे ते सप्टेंबर हाच बघण्याचा काळ. मॉरिशसमधला वादळांचा मोसमही एप्रिलपर्यंत आटोपतो आणि मे महिन्यात पाणी अजून कोमट असतं. मुंबईहून मॉरिशसला थेट विमान आहे, तिथून जोहान्सबर्ग चारेक तास. वाटेतच पडतं. मॉरिशसला आपल्याला व्हिसाची फी नाही. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा मात्र आधी काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, आजच कागद गोळा करा. मुलांचे जन्मदाखले बरोबर ठेवा. भारतातून असं थेट गेलात तर पिवळ्या तापाची लस लागत नाही. पण अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे स्वस्त तिकीट दिसलं म्हणून घेऊ नका, तो प्रश्न मागच्या दाराने परत येतो.
क्रुगरमध्ये स्वतः गाडी चालवता येते. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने. डांबरी रस्त्यावर ताशी ५०, कच्च्यावर ४०. गाडीतून उतरायचं नाही, काच खाली करून हात बाहेर काढायचा नाही. सरकारी कॅम्पात स्वयंपाकघर असलेल्या खोल्या मिळतात. आम्ही रोज सकाळी पोहे करून डबा घेऊन निघायचो. शेजारचे गोरे लोक मांस भाजत होते, आम्ही फोडणी देत होतो, वासाची अगदी जुगलबंदी.
आणि एक ऐका. क्रुगरच्या मध्यात एक मोठा कॅम्प आहे, नाव सातारा.

टेकडीवाली | १३ जानेवारी
काय सांगता! सासरे मूळचे सातारा जिल्ह्यातले, कोरेगावचे.

नगररोड | १३ जानेवारी
मग संपलंच. असं सांगतात की जमीन मोजणाऱ्याच्या हाताखाली एक हिंदी माणूस होता, त्याने सतरा नंबरच्या तुकड्याला सत्रा म्हटलं आणि त्याचं सातारा झालं. खरं-खोटं तिकडच्या सिंहांना ठाऊक. पण त्या भागात गवताळ माळ आहे आणि सिंहांसाठी तोच पट्टा नावाजलेला. एस-१०० नावाचा कच्चा रस्ता पहाटे फाटक उघडताच गाठा.

पेठेतला_पांथस्थ | १४ जानेवारी
म्हणजे झांझिबारचा गायक सातारा जिल्ह्यात शिकला आणि क्रुगरात आख्खा साताराच. विषय कुठूनही निघो, शेवट आपल्याकडेच.
पण एक शंका. स्वतः गाडी चालवून लहान मुलांना प्राणी दिसतात का? आम्ही चार तास फिरलो आणि इम्पाला हरणं सोडून काही दिसलं नाही. पोरं कंटाळली, बायको झोपली, मी एकटा झुडपांकडे बघत.

नगररोड | १४ जानेवारी
कबूल, होतं असं. म्हणून दोन दिवस स्वतः फिरा आणि संध्याकाळची पार्कची उघडी गाडी घ्या. त्यात सहा वर्षांवरची मुलं चालतात. वाटाड्याची नजर वेगळीच. आम्हाला जे ढेकूळ वाटलं तो बिबट्या निघाला.

सुईदोरा | १४ जानेवारी
क्रुगरचा भाग मलेरियाचा आहे हे विसरू नका. हिवाळ्यात धोका कमी होतो, शून्य नाही. ते नकोच असेल तर पिलानेसबर्ग किंवा मडिक्वे, दोन्ही मलेरियामुक्त. पिलानेसबर्ग तर जोहान्सबर्गपासून अडीच-तीन तासांवर.

कॅमेरा_किडा | १५ जानेवारी
क्रम सफारी आधी, समुद्र नंतर. सफारीत रोज पाचला उठायचं, दिवसभर धूळ आणि हाडं खिळखिळी. त्याच्यावर समुद्र उतारा आहे. उलट केलंत तर आळसावलेल्या मुलांना पाचला उठवताना तुम्हीच सिंह व्हाल.
जाता जाता: पुढे कधी माऱ्याला जाणार असाल तर हिशोब नीट करा. बाहेरच्या पाहुण्यांसाठी जुलै ते डिसेंबर नुसती प्रवेश फी माणशी दिवसाला २०० डॉलर आहे, जानेवारी ते जून १००. तीन मोठी माणसं, तीन दिवस म्हणजे ऐन हंगामात १८०० डॉलर फाटकावरच. पत्रकात ती धरली आहे की "प्रवेश शुल्क वेगळे" असं बारीक अक्षरात आहे, ते बघा.

टेकडीवाली | १५ जानेवारी
बघितलं. बारीक अक्षरात आहे. चष्मा लावून.
ठरलं मग: क्रुगर पाच रात्री, मॉरिशस पाच. सासऱ्यांना सातारा सांगितल्यापासून ते शेजाऱ्यांना मीच तिकडे बोलावलंय असं सांगत सुटलेत. मॉरिशसला कुठे राहावं?

आंजर्लेकर | १५ जानेवारी
पश्चिमेला, फ्लिक-अँ-फ्लाकच्या बाजूला. हिवाळ्यात आग्नेयेकडून वारा येतो, पूर्व किनाऱ्यावर टोपी डोक्यावर राहत नाही. तिथे भरती-ओहोटीचा फरकही अगदी थोडा, पंचांग घरी ठेवलंत तरी चालेल.

(मधल्या व्हिसाविषयीच्या चर्चेसाठी वेगळा धागा निघाला आहे. – संपादक मंडळ)

टेकडीवाली | ४ जून
आलो! धागा वर काढतेय, कारण तुमच्यामुळेच झालं.
साताऱ्यात तीन रात्री मिळाल्या, तेही कोणीतरी रद्द केल्या म्हणून. बुकिंग अकरा महिने आधी उघडतं, आम्हाला ठाऊक नव्हतं.
एस-१०० वर पहिल्या दिवशी काहीच नाही. पांथस्थ, तुमची फार आठवण काढली. दुसऱ्या दिवशी वळणावर हत्ती. रस्त्याच्या मधोमध, आमच्या दिशेने, सावकाश. कान उघडून थांबला. नवऱ्याने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली आणि हत्तीने पुढे यायला. जवळजवळ तीनशे मीटर आम्ही उलटे गेलो. सदाशिवातल्या बोळांतून वीस वर्षं रिव्हर्स काढल्याचा असा उपयोग होईल वाटलं नव्हतं. सासरे मागून शांतपणे सांगत होते, "घे, घे, अजून घे, डावीकडे काट." शेवटी हत्ती एका झाडाशी वळला आणि आमच्याकडे पाठ करून पाला ओढायला लागला. लेकीने तेव्हा कुठे माझा हात सोडला, नखांच्या खुणा दोन दिवस होत्या.
सिंह दिसले, सहा. पण चिरंजीवांना विचाराल तर ट्रिपचा हीरो चांदी अस्वल, म्हणजे हनी बॅजर. रात्री खोलीबाहेर कचऱ्याच्या डब्याचं झाकण धडाधड वाजलं. सासरे चोर समजून काठी घेऊन उठले. दार किलकिलं करून बघतात तर पाठीवर पांढरी शाल घेतल्यासारखा एक बुटका प्राणी अर्धा डब्यात शिरलेला. त्याने मान वळवून यांच्याकडे बघितलं, तुच्छतेने, आणि पुन्हा आत डोकं घातलं. आमच्या बाकरवडीचा रिकामा पुडा घेऊन गेला.
मॉरिशसला पाच दिवस खरंच काही केलं नाही. टॅक्सीवाल्याचे पणजोबा मराठी मुलखातून आलेले. त्याला मराठी चार-पाच वाक्यंच येत होती, पण आरती पूर्ण पाठ. गणेश चतुर्थीला तिकडे सार्वजनिक सुट्टी असते. त्याने आणि सासऱ्यांनी विमानतळापर्यंत "सुखकर्ता" म्हटलं.
तक्रार एकच: पाच अधिक पाच रात्रींत विमानं आणि गाडी यांत दोन आख्खे दिवस गेले. सफारी एक रात्र अजून हवी होती.

जाई_जुई | ४ जून
मस्त! फोटो टाका, बॅजरचा तरी.

टेकडीवाली | ५ जून
बॅजरचा फोटो हललेला आहे, काढणाऱ्याचे हात थरथरत होते. साताऱ्याच्या पाटीशेजारी कानटोपीतले सासरे असा एक नीट आहे. त्यांनी तो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "साताऱ्यात पोचलो" एवढंच लिहून टाकला. अकरा जणांनी कंदी पेढे आणायला सांगितलेत.

निवृत्त_नाना | ५ जून
मला अर्धा किलो. आणि पावती ठेवा.